करवंटी एकच होती

उपोलू बेट, नोव्हेंबर १९१८

आपल्या घराची शान, माझी धाकटी बहीण मोएलागी हिला भावाचे आशीर्वाद.

मी हिंडता-फिरता आहे, काळजी नको. दारचा नीरफणस लगडला आहे. खाणारी तोंडं मात्र कमी झाली.

आई गुरुवारी गेली. तिच्या मातीला यायला तू होडी काढू नकोस. सरकारी पत्रकात अजूनही ‘साधा सर्दीताप, घाबरू नये’ असंच छापतात. आजारी माणसांचं जहाज ज्यांनी धक्क्याला लागू दिलं, त्यांचंच हे पत्रक. त्यावर विसंबू नकोस.

हेच सांगायला मी, जहाज लागलं त्याच आठवड्यात, सगळ्या कुटुंबप्रमुखांची सभा बोलावली. म्हातारा फिलिमोनी हसला, “बोल बाबा! तुझा आवाज तापाच्याही आधी चढतो.” मी तासभर गरजलो. सरकार आपल्याला वाचवणार नाही, आपला जीव आपणच राखायचा, घराबाहेर पडायचं नाही. सगळ्यांना पटलं.

पण बोलण्याआधी रीतीप्रमाणे कावाच्या मुळ्यांचं पेय प्यायलो होतो. करवंटी एकच. माझ्या ओठांना लागलेली तीच पुढे सतरा जणांकडे फिरली. माझा घसा आदल्या दिवसापासून खवखवत होता, ते रोजच्या भाषणांमुळे असेल असं मी समजलो.

फिलिमोनीसकट अकरा जण गेले. आईला ताप माझ्याकडूनच आला.

तुझी मुलं कशी आहेत? धाकटी चालायला लागली का?

उद्या मी स्वतः तुमच्या किनाऱ्याशी येऊन कितीही गोड बोललो, तरी मला उतरू देऊ नकोस.

तुझा दादा,
पेनिआमिना