आधी रिकामी झालेली सुरई

पेरबॉस, ९ फेब्रुवारी १९५८

ती. रोझलीन आत्यास,
सिल्वाँचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाबांचा ताप उतरून महिना झाला, पण तापाबरोबर त्यांना वास येणेही गेले. त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. मंगळवारी दूध करपून घरभर धूर झाला, तरी हे चुलीशेजारी बसून बूट पुसत होते. आई ओरडली तर म्हणाले, तुझं दूध, तू बघ.

आता यंदाची वाईन मिसळायची आहे. ग्रनाश, सिरा आणि मुर्वेद्र या तीन जातींच्या द्राक्षांच्या वाईन तीन टाक्यांत वेगवेगळ्या पडून आहेत. प्रमाण आजवर बाबांच्या नाकाने ठरवले. यंदाही ते रोज तळघरात उतरतात, पेला नाकाशी धरतात, मान डोलावतात. म्हणतात, निम्म्याहून जास्त मुर्वेद्र घालू. मी ते चाखले, जीभ चामड्यासारखी झाली. मग काचेच्या नळीने मोजून दहा नमुने केले आणि वहीत लिहिले. एकदा मिसळले की वेगळे करता येत नाही. गप्प राहिलो तर वर्षाचे पीक जाते, बोललो तर बाबा जातात. काय करू?

शब्दकोश पाहून लिहिले आहे, तरी चूक असल्यास कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सिल्वाँ


लियों, १४ फेब्रुवारी

चि. सिल्वाँस अनेक आशीर्वाद.

चूक एकही सापडली नाही. इतके निर्दोष लिहू नये रे, वाचणाऱ्याला दम लागतो. माझे गुडघे आता जिन्याला विचारून चढतात.

वही मीट. थंड तळघरात पावाच्या तुकड्याबरोबर वाईन कळत नसते. आपल्या घरी ती जेवणाच्या टेबलावर ठरते. तुझी, तुझा बाप बातिस्त याची आणि गेल्या वर्षीच्या प्रमाणाची अशा तीन सुरया भर, खूण बुडाला कर. जी कोणाच्या लक्षात न येता आधी रिकामी होईल ती खरी. आईला म्हणावे, काळी ऑलिव्ह आणि संत्र्याची साल घालून बैलाचे मांस आदल्या दिवशीच मंद शिजव. मग लसूण टोचलेली कोकराची तंगडी, शेवटी बकरीचे चीज. मासा नको, मुर्वेद्रबरोबर तो लोखंडासारखा लागतो.

बातिस्तला काही बोलू नकोस. लहानपणी पडला की आधी कोणी पाहिले का ते बघायचा, रडायचा मागाहून. सुरईलाच सांगू दे. थकले, थांबते.

तुझी,
आत्या


पेरबॉस, २५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रविवारी सगळे तू सांगितलेस तसेच केले. शेजारचे ज्यूल काका धरून नऊ माणसे होती. कोकरू येईपर्यंत माझी सुरई अर्ध्यावर आली, बाबांची मात्र गळ्यापर्यंत भरलेली. चीज आले तेव्हा काका म्हणाले, ही काय पाद्रीबाबांसाठी राखलीय? बाबा हसले, पण चीजची सुरी त्यांच्या हातात तशीच राहिली. मला ते बघवेना. सुरई ओढून घेतली आणि बूड दिसेपर्यंत पेल्यामागून पेला पीत गेलो. तीच आधी रिकामी झाली. सगळ्या पिकाची मी माती केली, हे तेव्हा सुचलेच नाही. माझे बूट आईने काढले म्हणे.

सोमवारी डोके धरून तळघरात गेलो, तर बाबा बाह्या सरसावून पंप जोडत होते. प्रमाण माझ्या वहीतले. मी म्हटले, सुरई तर तुमची संपली. म्हणाले, दोन पेल्यांत लाल होणारा पोरगा सबंध सुरई पितो, तेव्हा वाईन वाईट असते आणि पोरगा गाढव.

दिवसभर मिसळले. टाकी भरल्यावर त्यांनी सवयीने पेला नाकाशी नेला, थांबले, आणि माझ्या हातात दिला. पालथ्या खोक्यावर बसून डोळे मिटले. म्हणाले, सांग. मी सांगितले, काळी ऑलिव्ह. म्हणाले, पुढे. ऊन खाल्लेला दगड. पुढे. वाळकी अंजिरे, नवे चामडे. माझे शब्द संपले, तसे मी कबूल केले.

म्हणाले, मग परत पहिल्यापासून सांग.

दमलो आहे, आत्या. लोभ आहेच, तो लिहून मागत नाही.

सिल्वाँ