ताटावरचा हात

॥ श्री ॥

नवसारी बाजार, सुरत
१२ नोव्हेंबर १९६९

ती. स्व. गं. भा. अक्कास,
प्रभाकरचा सा. न. वि. वि.

गावच्या निंबाच्या हाती पाठवलेलं कळण्याचं पीठ पोचलं. सुरेखानं लगेच भाकरी थापल्या. तुझ्यासारख्या नाहीत, पण पोरगी शिकेल.

शिकायला सध्या तिच्यामागे दुसरंच लागलं आहे. मुकुंदनं लेस्टरहून कळवलं आहे की बायकोची कागदपत्रं होत आली, तोवर नाना, तुम्ही तिला रोजच्या बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवा. मी चौकबाजारातून संभाषणाचं एक जुनं पुस्तक आणलं. दुपारी मी दाराच्या आत खुर्ची टाकून बसतो. सुरेखा जिन्यात जाते आणि कडी वाजवते. मी इंग्रज शेजारीण, ती पाहुणी. मी म्हणतो, गुड आफ्टरनून, प्लीज कम इन. मग विचारतो, विल यू हॅव सम टी? ती पदर सावरून म्हणते, नो, थँक यू.

पुस्तकात चहाचा विषय इथे संपतो आणि पाहुणी हवापाण्याकडे वळते. आमच्याकडे संपत नाही. मी म्हणतो, प्लीज, अर्धा कप. ती म्हणते, नो, नो. मग मी शपथ घालतो. शपथेचं इंग्रजी पुस्तकात नाही, म्हणून मराठीतच घालतो. तेव्हा कुठे ती यस म्हणते आणि स्वतःच उठून चहा टाकते. खालचे घरमालक भाईदास जरीचं काम सोडून वर आले. मास्तर, आ कोण मॅडम आवी छे, म्हणून डोकावून विचारू लागले.

मुकुंदनं त्याच पत्रात विचारलं आहे, नाना, तुम्हीही इकडेच राहायला येता का? मी लिहिलं, मला कशाला ओढता, तुम्ही दोघं तुमचं बघा, मी इथे मजेत आहे. आता त्याच्या उत्तराची वाट बघतो आहे. पोस्टमन हल्ली उशिरा येतो, की मीच लवकर जिन्यात जाऊन उभा राहतो, कोण जाणे.

तुझा लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहावा.

तुझा
प्रभाकर

॥ श्री ॥

अमळनेर
२० नोव्हेंबर १९६९

चि. प्रभाकर यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

अरे मास्तरा, मुलगा ये म्हणतो आणि तू मजेत आहे म्हणून लिहितोस? तुझी उमा गेल्यापासून तुझी मजा मला ठाऊक आहे. सुरेखा गेली की त्या घरात बोलायला भिंती उरतील.

लहानपणापासून तुझं हेच. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की तू दोन्ही हात ताटावर आडवे धरायचास आणि डोळे मात्र परातीत. मी मागून यायचे आणि तुझ्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचे. तेव्हा मी होते. लेस्टरला तुझी बोटं ओळखणारं कोण आहे? मुकुंद तिकडे तीन वर्षं राहिला आहे, इंग्रजांच्या चालीचा झाला असेल. त्याला सरळ लिही की येतो.

माझं म्हणशील तर मी ठीक आहे. हे गेल्यावर तू मला लिहिलं होतंस की अक्का, सुरतेला राहायला ये. मी नको म्हटलं. पुढच्या पत्रात तू लिहिलंस की यंदा पोंक, म्हणजे आपला हुरडा, फार गोड निघाला आहे. असो.

थंडी पडली आहे, छाती जप. सुरेखाला आशीर्वाद. तिची भाकरी कडेला चिरत असेल तर पाणी गरम घ्यायला सांग.

माया आहे, म्हणून बोलते.

अक्का

॥ श्री ॥

सुरत
१८ जानेवारी १९७०

ती. स्व. गं. भा. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुरेखाला परवा सांताक्रूझला विमानात बसवून आलो. संक्रांत आटोपूनच निघाली. वाकून नमस्कार करताना तिनं माझे पाय बराच वेळ सोडले नाहीत. मी म्हटलं, अगं, विमान तुझ्यासाठी थांबणार नाही.

तू रागावशील म्हणून आधी लिहिलं नव्हतं. मुकुंदचं उत्तर डिसेंबरातच आलं. त्यानं लिहिलं, तुम्हाला तिथेच बरं वाटत असेल तर तुमच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, सुरेखाचं तिकीट काढलं आहे. चांगलं, समजूतदार पत्र आहे. त्यात नाव ठेवायला जागा नाही. मी दोनदा शोधली.

खुर्ची अजून दाराच्या आतच आहे. काल दुपारी कडी वाजली आणि माझ्या तोंडून प्लीज कम इन निघून गेलं. भाईदास होते. त्यांना चहा विचारला तर नको म्हणाले, आणि मी पुन्हा विचारायच्या आत स्वतःच हो म्हणून मांडी घालून बसले. बरं वाटलं.

नंतर पुस्तक उघडलं. बाजारातली वाक्यं आहेत, दवाखान्यातली आहेत, स्टेशनावरची आहेत. एकट्यानं म्हणायचं मात्र एकही नाही. प्रत्येक वाक्याला समोर कुणीतरी लागतं.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.

प्रभाकर

॥ श्री ॥

लेस्टर
२ एप्रिल १९७०

ती. नानांना,
सौ. सुरेखाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमचं पुस्तक इथे उपयोगी पडतं. बसवाला, दुकानदार, सगळे त्यातल्यासारखंच बोलतात. फक्त चहाचा धडा आपण चुकीचा गिरवला, नाना.

शेजारी पार्करबाई आहेत. बर्फ पडत होता, त्यांनी मला घरात बोलावलं. तुमचंच वाक्य म्हणाल्या, विल यू हॅव सम टी? मला चहा फार हवा होता. मी म्हटलं, नो, थँक यू, आणि पुढच्या विचारण्याची वाट बघत हसत बसले. बाईंनी किटलीवर लोकरीची टोपी चढवली आणि हवेबद्दल बोलू लागल्या. अर्धा कपसुद्धा म्हणाल्या नाहीत. मी कोरड्या घशानं घरी आले आणि रडले. चहासाठी कुणी रडतं का, म्हणून हे हसत सुटले. मग म्हणाले, इथे नको म्हणजे नको. पुन्हा विचारलं तर ते लोक अपमान समजतात, बाई तुझा मान राखत होत्या.

मी त्यांना विचारलं, तुम्ही नानांना कितीदा विचारलंत?

त्यांचं हसू थांबलं. नाना नको म्हणाले होते, एवढंच म्हणाले. जेवताना घास चिवडत होते. सकाळी मला म्हणाले, तूच लिही, मला शब्द सापडत नाहीत.

म्हणून मी कडी वाजवते आहे, नाना. प्लीज कम. तुम्ही नो म्हणाल, म्हणून आधीच दुसऱ्यांदा म्हणते, प्लीज. खोली आहे, खिडकीशी ऊनही येतं, येतं तेव्हा. तरी नो म्हणालात तर तुम्हाला माझी शपथ. ती मराठीतच घालते.

तुमच्या आशीर्वादाची आणि उत्तराची वाट बघणारी,

सौ. सुरेखा

॥ श्री ॥

सुरत
१९ एप्रिल १९७०

ती. स्व. गं. भा. अक्कास,
सा. न. वि. वि.

सोबत सुरेखाचं पत्र पाठवतो आहे. वाचून परत कर, मला ते हवं आहे.

मी ते जिन्यातच वाचलं. भाईदासांनी खालून विचारलं की सगळं ठीक ना, तर नुसता हात हलवला. खरं सांगू, अक्का, पोट भरलं. मला लेस्टर नको होतं. थंडी मला सोसत नाही आणि तिथे भाईदास नाहीत. कुणीतरी पुन्हा विचारायला हवं होतं, एवढंच. तिला लिहिलं आहे की पुढच्या उन्हाळ्यात पाहुणा म्हणून येईन, राहायला मात्र नो, थँक यू. हे नको पार्करबाईंच्या चालीचं आहे, शपथ परत घे, असंही लिहिलं.

मग तुझं नोव्हेंबरातलं पत्र काढलं. पोंकाची ओळ तेव्हा नुसती डोळ्यांखालून गेली होती.

अक्का, सुरतेला राहायला ये. ही दुसरी खेप. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली आहे. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं आखाजीला तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच यायचो, बैलगाडीत उलट्या तोंडी बसून. तू दर वेळी सासूसमोर म्हणायचीस की यंदा नको, कामं आहेत, आणि गाठोडं दाराआड बांधून तयार असायचं. आता माझं घर हेच तुझं माहेर. तिसऱ्या खेपेला पत्र लिहिणार नाही, दारात येऊन उभा राहीन.

येतोच आहे, तोवर लोभ सांभाळून ठेव.

प्रभाकर

॥ श्री ॥

अमळनेर
२६ एप्रिल १९७०

चि. प्रभाकर यास,
अ. उ. आ. वि. वि.

सुरेखाचं पत्र परत पाठवते आहे. शेजारच्या धुरपदाबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सून असावी तर अशी.

बाकी तुझं म्हणणं वाचलं. नको रे प्रभा. या वयात मला न्यायला मुराळी आलेला बघून गल्ली हसेल. सुरतेचं पाणी मला मानवायचं नाही, तुमच्याकडे वरणातही गूळ घालतात, आणि जिना चढणं माझ्यानं होत नाही. मी इथे ठीक आहे. तेव्हा नकोच.

जिन्याला कठडा आहे ना? तुळशीची कुंडी गाडीत चालते, की धुरपदाबाईंकडे ठेवावी लागेल? तुझ्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं का, तेही कळव. ताप्ती लाइनची गाडी नंदुरबारला बरीच खोळंबते म्हणतात, तेव्हा भाकरी दोघांच्याच बांधायच्या की भाईदासांसाठीही, हे आधी कळलेलं बरं.

पण मी नको म्हटलं आहे, हे ध्यानात ठेव.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

अक्का

ता. क. भरिताची वांगी मात्र इथलीच आणीन.