हात न सोडण्याचं वचन

२ तारीख, सकाळ.
सगळ्यांची विचारपूस केली. हिचा गुडघा बरा. मुलीचा खोकला गेला. नातीचा हलणारा दात पडला एकदाचा. जावयांची मान अवघडलेली. गरम हवेचा फुगा चालवणाऱ्याची मान दुसरी कशी असणार! माझी प्रकृती ठणठणीत. कुणी विचारली नाही.
लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून जावई आम्हा दोघांना फुग्यातून फिरवणार. ही घाबरते. जमिनीवर उतरेपर्यंत तुझा हात सोडणार नाही, असं वचन दिलं. तेव्हा कुठे तयार झाली.

५ तारीख.
जावयांनी लँडिंगची तालीम घेतली. गुडघे वाकवा, कडी धरा, टोपली आडवी झाली तरी मी सांगेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा फक्त माझ्याकडे बघून. वाऱ्यावरची दोन पुस्तकं वाचलेल्या माणसाला! (एक अर्धं.) ही मात्र शाळेतल्यासारखी गुडघे वाकवत होती. हौस.

८ तारीख, पहाट.
उड्डाण रद्द. म्हणे वारा फार. आमच्या अंगणात पानही हलत नव्हतं, तसं सांगितलं. जावई म्हणाले, बाबा, अंगणाला भिंत आहे. सासऱ्याला भिंत दाखवायची काही गरज नव्हती.

९ तारीख, सकाळी ७.
टोपलीतून लिहितोय. डावा हात हिच्या हातात. वचन म्हणजे वचन. लँडिंगचा उगाच बाऊ करतात.

९ तारीख, दुपार.
उतरताना वारा सुटला. टोपली माळावर आपटली, फरफटली, थांबली. थांबली म्हणजे थांबली, असं माझं मत पडलं. हिला खालून आधार द्यावा या सद्हेतूने उडी मारली. माझं वजन ब्याण्णव किलो. तेवढं ओझं उतरताच फुगा पुन्हा वर. जावई काय ओरडले ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, असं मी ठरवलंय. ही एकच शब्द ओरडली. हात.

१० तारीख.
पाय मुरगळला. दोघं चार किलोमीटरवर सुखरूप उतरली. हिने गुडघे अचूक वाकवले म्हणे. तिथूनच ही बहिणीकडे गेली.

१२ तारीख.
फोन उचलत नाही. मुलीकडून कळलं, रविवारी ही पुन्हा उडणार. माझ्या जागी वाळूची पोती. पोती सांगितल्याशिवाय उतरत नाहीत, असं म्हणाली म्हणे.
चिठ्ठी लिहिली. गुडघा कसा आहे? गर्दीत तुझा हात सुटला.
टोपलीत तिघंच होतो. खोडलं. सोडला, असं लिहिलं. लवकर उत्तर पाठव.