मार्चअखेरचं शेत

उत्तर श्रीलंका
ता. १४ मार्च २००४

तीर्थरूप बाबांस जयवंतचा सविनय जयभीम.

गिरणीच्या लूमखात्यात तुमचे कान गेले, म्हणून फोन सोडून पत्रच लिहितो. पलटणीत सुरुंग पेरायला शिकलो आणि पेन्शनीत उचलायला आलो, असं चंपा मला चिडवते. तिने दिलेलं सुकट संपलं.

सुरुंग काढायचा पैसा युरोपातल्या ज्या देशाचा येतो, त्यांनी हात आखडता घेतलाय. मार्चअखेर काम बंद. रस्ता नि शाळा साफ झाली, कारण त्यांचे पाहुणे तिथूनच जातात. कन्नम्मा नावाच्या विधवेच्या शेताचा एक पट्टा मात्र राहिला. पेरणीआधी मोकळं करून देतो, असा शब्द मी तिला देऊन बसलो होतो. एकतीस तारखेनंतर ना ॲम्ब्युलन्स, ना विमा. पाच एप्रिलला निघतो. चंपा अँटॉप हिलला भावाकडे कंटाळलीय. आता परळला सगळे एकत्र राहू.

तब्येतीला जपा, माया पातळ होऊ देऊ नका.

जयवंत


परळ
ता. २३ मार्च

चि. जयवंतास जयभीम आणि आशीर्वाद.

सोनूबाई शेजारीण रोज विचारते, जयवंत कधी येतो. मी सांगतो, काम संपलं की.

ब्याऐंशीच्या संपात तुझा काका माधव, घरी चूल पेटत नाही म्हणून गेटातून आत गेला. मी त्याच्या मयतालाही गेलो नाही आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. कुठल्या साहेबाने थैली आवळली म्हणून तू बाईला दिलेला शब्द मोडणार असशील, तर तुझ्यात नि त्याच्यात फरक काय? पट्टाभर जमीन ती. पलटणीत काय नुसते बटाटे सोललेस? चंपा घाबरेल, बायका घाबरतातच.

शेत पुरं करून आलास तर हे घर तुझं. नाहीतर मेव्हण्याकडेच उतर.

तुझा बाप,
दौलत


उत्तर श्रीलंका
ता. १ एप्रिल

ती. बाबांस जयभीम.

पत्र मिळालं. बाकीचे गेले, अवजारं अजून इथेच आहेत. साहेब नको म्हणाले. माधवकाकाचं नाव काढायला नको होतंत, तेवढं सोसलं नाही. उद्या सकाळी पट्ट्यावर जातो. चंपाला कळवू नका.

तुमचाच,
जयवंत


अँटॉप हिल
ता. १८ ऑगस्ट

ती. मामांस चंपाचा जयभीम.

परळ इथून जवळ, तरी पत्र लिहिते; समोर आले तर तोंडाला आवर राहणार नाही. ह्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं. डावा पाय गुडघ्याखाली नाही. डोळे गेले. विमावाल्यांनी तारीख बघून हात वर केले.

एक बातमी तुम्हाला आवडेल. त्या देशाच्या माणसांनी हॉस्पिटलात ह्यांचा फोटो काढला होता. तो तिकडे पेपरात आला, लोक हळहळले आणि पैसा पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जास्त. कन्नम्माचं शेत नव्या माणसांनी आठवड्यात मोकळं केलं.

तुम्ही दोनदा येऊन जिन्यात बसून गेलात, असं भाऊ म्हणाला. तुमची पत्रंही येतात. त्यांत तुम्ही माफी मागता, पोराला घरी पाठव म्हणता. ती मीच उघडते आणि ह्यांना वाचून दाखवत नाही.

हे रोज विचारतात, बाबांचा काही निरोप आहे का, परळला जाऊ या का. मी सांगते, शेत दुसऱ्यांनी पुरं केलं, बाबांची अट तुम्हाला ठाऊक आहे. हे मान हलवतात. ते त्यांना पटतं.

लोभ होता तेवढा पुरे झाला.

चंपा