कडेबाहेरची निळी चिंधी

४ मार्च

चि. धाकटीस,
मोठीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तुझ्या तब्येतीचं कळव.

सोबत तुझ्या लेकीचं, गुंडीचं चिकटकाम पाठवतेय. शाळेत कोलाज का काय ते शिकवलं, तेव्हापासून ही आणि शेजारची दोघं माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांवर तुटून पडलीत. डिंक फरशीला, डिंक केसांना. परवा गिऱ्हाइकाच्या फ्रॉकची बाहीच ढग म्हणून लावत होती, वेळेत दिसली म्हणून वाचले.

हात आहे पोरीला, पण कड सरळ म्हणून नाही. पाकिटात मावेना. शेवटी मीच कात्री घेतली आणि चारी बाजू साफ केल्या. एक निळी चिंधी तर लांब कापडी पट्टीला लटकून पुठ्ठ्याबाहेर लोंबत होती, तीही उडवली. आता कसं बघण्यासारखं झालंय.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, पत्रात दिसली नाही म्हणून रुसू नकोस.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्र मिळालं. दवाखान्यात आम्ही आया कामाचे कपडे बदलतो त्या खोलीत लावलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मशीनवरची ही तोंड वाकडं केलेली बाई तुझी बहीणच असणार! खूप हसलो. सगळ्या गेल्यावर मी स्वतःला शोधलं. तू आहेस, गुंडी आहे, शेजारची दोघं आहेत, मांजरसुद्धा आहे. मी नाही.

ताई, सुट्टी लागली की तिला कायमचं इकडे आणायचं ठरवलं होतं. खोलीही बघून ठेवली. पण ती मला विसरली असेल, तर ओढून आणण्यात काय अर्थ? तुझ्याकडेच राहू दे. तिला काही विचारू नकोस.

दोघींचा लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी धाकटी

२६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आज गोल गोल लिहीत नाही.

तू होतीस त्या चित्रात. ती निळी चिंधी म्हणजे तू, तुझ्या कामाच्या कपड्यांचा रंग. आई बाहेरगावी असते म्हणून पुठ्ठ्याच्या बाहेर, आणि सुटून जाऊ नये म्हणून पट्टीला चिकटवलेली. मी उडवली.

तू नको म्हणालीस तरी विचारलं, तेव्हा कळलं. वर मीच ओरडले, मग तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, मावशी, तू घाईत होतीस. यापेक्षा कुणी थोबाडीत दिली असती तर परवडली असती.

आणखी एक. तुझं पत्र आल्यावर मी लगेच विचारलंच नव्हतं. दाबून ठेवलं. पोर इथेच राहणार म्हणून बरं वाटलं मला. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं.

चिंध्यांचं पोतं गादीवाला घेऊन गेला होता. त्याच्याकडे जाऊन सगळा ढीग उपसला, नाही सापडलीस. कुणाच्या तरी गादीत गेलीस बघ.

पोरीनं नवीन केलंय. आधी माझी कात्री काढून घेतली. पट्टी या वेळी हातभर लांब. दुमडायची नाही म्हणाली, म्हणून गुंडाळी करून पाठवतेय. सुट्टी लागली की ये आणि घेऊन जा तिला. खोली सोडू नकोस.

मीही आहे चित्रात, मशीनसमोर. मला हात मात्र चिकटवलेले नाहीत. विचारलं तर म्हणाली, बघू, नंतर लावते.

लोभ मागत नाही, उरला असेल तेवढा ठेव.
तुझी ताई