बटव्यातला लाडू

गाझियाबाद, मकरसंक्रांतीनंतरचा तिसरा दिवस

तीर्थरूप कुमुदआत्या,

माझ्या दुखऱ्या गुडघ्यांसकट तुम्हाला साष्टांग नमस्कार. तुम्ही पुण्याहून पाठवलेला तिळाच्या लाडवांचा डबा मिळाला. सिद्धांतने एका बैठकीत फस्त केला, नातू तुमचाच!

आता माझी हकीगत ऐका. मानेसरच्या एका कारखान्यातल्या रुचितामॅडमनी बायकांच्या कार्यक्रमासाठी चाळीस घरी शिवलेले बटवे मागवले. तुमच्या भाच्याने (श्रीपादने हो, दुसरा कोण!) बजावलं, ही ऑर्डर फसली तर शिलाई मशीन बाल्कनीत आणि तू परत ऑफिसात. मी जिवाची बाजी लावली. प्रत्येक बटव्यात पर्सच्या इतिहासाची चिठ्ठीसुद्धा घातली: आपल्याकडे कनवट होती, मग बटवा आला, तिकडे विलायतेत बायका घागऱ्याच्या आत खिसे बांधायच्या, फॅशनपायी घागरे अंगासरसे झाले, खिसे मावेनात, म्हणून पिशवी हातात आली. (ती आली ती आली, आता नवऱ्याचा चष्मा आणि मुलाची पाण्याची बाटलीही तिच्यातच.)

पण तुमची शिकवण आठवली, रिकामी पिशवी कुणाला देऊ नये. म्हणून प्रत्येक बटव्यात एकेक तिळाचा लाडू टाकला आणि नाडीला पक्की निरगाठ मारली. इथेच घात झाला! बटवे पोचवायला गेले तर कारखान्याच्या गेटवरच्या गार्डने एक बटवा दाबला, आत टणक गोळा. "मैडम, ये क्या है?" मी म्हटलं, तिळगूळ. त्याला काही पटेना. चाळीसच्या चाळीस गाठी त्याने माझ्याकडूनच सोडवून घेतल्या, अगदी दातांनी! मागे कंपनीच्या बसगाड्या भोंगे वाजवताहेत, आणि मी रस्त्यावर बसून गाठी सोडतेय. खात्री करायला एक लाडू गार्डने खाल्ला, एक त्याच्या साहेबाने, आणखी चार कुणी खाल्ले देव जाणे. मला रडूच फुटलं, आत्या. तेवढ्यात रुचितामॅडम खाली आल्या, त्यांनीही एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बिल्कुल रिपीट ऑर्डर!" मी तिथेच उडी मारली. मशीन हॉलमध्येच राहणार! श्रीपादने घरी पेढे आणले.

तुमची लाडकी (निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी),
विनया

ता.क. रिपीट ऑर्डर दोनशे लाडवांची आहे. पिशवी, त्या म्हणाल्या, "कोई भी चलेगी." हे श्रीपादला सांगितलेलं नाही. पण कोई भी कशी चालेल? बटवे मीच शिवणार.

ता.ता.क. सिद्धांतला एकही लाडू मिळालेला नाही, बिचारा रुसलाय. बटव्यांत गेले ते तुमचे लाडू होते. मला पाकसुद्धा जमत नाही. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, असं मी मॅडमना पटवलंय आणि तुमचं पुढच्या आठवड्याचं तिकीटही काढलंय. रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये, हेही तुम्हीच शिकवलंत. तेव्हा येताना पाच किलो चिक्कीचा गूळ आणा, इथे मिळत नाही.