उद्याच्या कुस्तीचे आजच लिहिलेले वर्णन

सोलापूर, संक्रांत, सन १९३१. सायंकाळ.

साप्ताहिकासाठी कुस्त्यांची वर्णने लिहू लागल्यापासून मला लेखणीची गोडी लागली आहे, हे मान्य करतो. आज सरावाकरिता आमच्या मुलाची, तुकारामाची, उद्याची करकंबची कुस्ती आधीच लिहून काढली. शेवटी तो मानेवर पडतो. असे का सुचले? सौभाग्यवतीस ऐटीत वाचून दाखविले.

ती ताडकन म्हणाली, "पोटच्या पोराची मान मोडताय व्हय? आन् वर हसताय की!"

मग त्यास विजयी करून पाहिले. मजकूर निर्जीव झाला. मान मोडते तेथेच भाषेत जीव येतो. तुकाराम पहाटे निघेल. मान मोडल्याचा पहिला कागद फाडावयास घेतला. परंतु इतके उत्तम मी पूर्वी कधी लिहिले नव्हते. फाडवेना.